मोटारीचें पोट

घरांत एक जुनी मोटार आणि एक नवा इंजिनियर एकदम नांदूं लागले, म्हणजे त्या मोटारीची ताकद वाढविण्याचा विषय आज ना उद्यां जेवणाच्या पानावर निघतोच. भात वाढतां वाढतां आमच्या वहिनींनीं तो प्रथम ऐकला आणि "आहे ती चालते ना?" एवढाच प्रश्न विचारला. प्रश्न अगदीं रास्त होता. कारण गाडी चालत नव्हती. चढावर ती दम घेई, मागें निळसर धूर सोडी, आणि पेट्रोलपेक्षां तेलच अधिक पिते कीं काय अशी शंका येई. इंजिन उघडावें लागणार याविषयीं दुमत नव्हतें. दुमत होतें तें, उघडल्यावर काय करावयाचें याविषयीं.

गाडी म्हणजे १९६९ सालची फियाट अकराशे. वडिलांनीं नंबर लावून, बरीच वर्षें वाट पाहून ती घेतली होती. त्या काळीं मोटार विकत मिळत नसे, ती प्रसन्न व्हावी लागे! वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती बनत असे. पुढें १९७४ सालीं हिच्याच वंशांत 'पद्मिनी' हें नांव आलें आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तें घरोघर पोहोंचलें. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं ताडदेवच्या कार्यालयांत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीहि रस्त्यावरून उतरली. त्यामुळें आमच्या अंगणांतल्या गाडीची किंमत बाजारांत काय असेल ती असो, घरांत ती फार वाढली होती.

धाकट्या पुतण्याचें म्हणणें असें होतें: "काका, इंजिन उघडायचंच आहे, तर नुसतं बरं कशाला करायचं? मोठं करूं." त्याच्याजवळ आधारहि होता. फियाटनेंच इटलींत 'बाराशे' नांवाची एक गाडी काढली होती. तिचा दट्ट्याचा फेरा आमच्या गाडीइतकाच, म्हणजे ७५ मिलिमीटर. परंतु सिलिंडरचा व्यास, ज्यास कारागीर बोअर म्हणतात, तो ६८ ऐवजीं ७२ मिलिमीटर. यावर दादांचें उत्तर ठरलेलें: "बाबांनीं जशी ठेवली तशीच ती राहील. कंपनीनें दिलें त्यांत सुतभर फरक करावयाचा नाहीं." एका बाजूस प्रगति, दुसर्‍या बाजूस परंपरा, आणि मध्यें मी. मीं नोकरीचीं पस्तीस वर्षें एका कारखान्याच्या मोजमाप-खात्यांत काढलीं असल्यामुळें, दोघांनींहि मला पंच नेमलें. दोघांचीहि खात्री होती कीं निकाल आपल्याच बाजूनें लागणार.

हिशेब प्रथम वाचकांपुढें ठेवतों; तो शाळेंतल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळापलीकडे जात नाहीं. व्यासाच्या निम्म्याचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले फेर्‍याची लांबी, गुणिले सिलिंडरांची संख्या. ६८ आणि ७५ मिलिमीटर घेऊन चार सिलिंडरांचा गुणाकार केला कीं १०८९ घन सेंटिमीटर येतात. गाडीच्या कागदावर हाच आंकडा आहे. व्यास ७२ केला तर १२२१. व्यास वाढला शेंकडा सहानें, पण पोट वाढलें शेंकडा बारानें. कारण व्यासाचा वर्ग होतो. तरुण मनाला भुरळ घालणारी गोष्ट ती हीच. फेरा वाढवावयाचा तर नवा क्रँक हवा, आणि तो सहज मिळत नाहीं. व्यास मात्र कोणत्याहि बोअरिंगच्या दुकानांत दोन दिवसांत वाढवून मिळतो. थोडें खरवडावें आणि पुष्कळ मिळवावें!

परंतु खरवडावयाचें तें कशांतून? इंजिनाचा ठोकळा बिडाचा. त्यांत चार पोकळ नळकांडीं आणि त्यांच्या भोंवतीं पाणी खेळविण्याची पोकळी. नळकांड्याची आंतली बाजू आपल्याला दिसते. बाहेरची, पाण्याकडची बाजू ठोकळ्याच्या पोटांत असते आणि ती पंचावन्न वर्षें कोणीं पाहिलेली नसते. या दोहोंमधील भिंत किती जाड आहे हें ठाऊक झाल्याशिवाय ती पातळ करण्याची भाषा बोलणें म्हणजे शेजार्‍याची खोली किती रुंद आहे हें न पाहतां आपल्या भिंतींत कोनाडा कोरण्यासारखें आहे.

पहिल्या दुकानांत आम्हांला जें उत्तर मिळालें तें मोठें गमतीचें होतें. "मापं कसलीं घेतां साहेब? चाळीस मारूं. नाहीं साफ झालं, तर साठ मारूं." चाळीस म्हणजे चाळीस थाऊ, इंचाचे चाळीस सहस्रांश, म्हणजे सुमारें एक मिलिमीटर. मिस्त्रींचा हात चांगला असेल, नाहीं असें मीं म्हणणार नाहीं. रोजच्या दुरुस्तीला त्यांची रीत बहुधा लागूहि पडते. पण ज्या ठोकळ्यावर वडिलांच्या गाडीचा मूळ इंजिन-क्रमांक ठोकलेला आहे, आणि जो एकदां पाण्याच्या पोकळींत फुटला तर दुसरा आणतां येणार नाहीं, त्याच्याबाबतींत 'नाहीं झालं तर साठ' हें सूत्र मला मानवेना. ठोकळा आम्ही घरीं आणला. उकळत्या सोड्यानें धुऊन ओटीवर लांकडी पाटावर ठेवला, तेव्हां वहिनींनीं शेजारच्या तुळशीवृंदावनाकडे पाहून एक दीर्घ उसासा टाकला, पण त्या बोलल्या कांहीं नाहींत.

आतां मोजण्याविषयीं. सिलिंडर हा गोल असतो ही समजूत नव्या इंजिनापुरतीच खरी. जुना सिलिंडर वरच्या अंगाला अधिक झिजतो. कारण दट्ट्या वर असतांना जाळाचा दाब सर्वांत अधिक आणि तेलाचा ओलावा सर्वांत कमी. शिवाय तो सर्व बाजूंनीं सारखा झिजत नाहीं. दट्ट्याला ढकलणारा दांडा तिरका होतो, त्यामुळें दट्ट्या एका कुशीवर रेलतो आणि ती कूस अधिक खातो. म्हणून प्रत्येक नळकांड्यांत वर, मध्यें व खालीं अशा तीन जागीं, आणि प्रत्येक जागीं क्रँकला समांतर व क्रँकला आडवें अशा दोन दिशांनीं माप घ्यावें लागतें. चार सिलिंडरांचीं चोवीस मापें होतात. यांसाठीं बोअर गेज नांवाचें घड्याळाच्या तबकडीचें साधन वापरतात. पण त्याचा शून्य आधीं मायक्रोमीटरवर लावावा लागतो, कारण गेज फरक सांगतें, लांबी सांगत नाहीं. माझ्या मतें दुकानांतल्या निम्म्या चुका येथेंच होतात: तबकडी सुरेख हलते आणि तिचा शून्य मात्र कोणीं तपासलेला नसतो.

उष्णतेकडेहि लक्ष द्यावें लागतें. जगांतील सर्व मापें २० अंश सेल्सियसला धरावीं असें १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय समितीनें ठरविलें. पुण्याच्या उन्हाळ्याचा विचार त्या समितीपुढें बहुधा नसावा. दहा अंश उष्णता वाढली कीं ६८ मिलिमीटरचें बिडाचें भोंक सुमारें साडेसात सहस्रांश मिलिमीटरनें वाढतें. यांत एक समाधानाची गोष्ट आहे. मायक्रोमीटर पोलादाचा असतो, पोलाद आणि बीड जवळजवळ सारखेच फुगतात, त्यामुळें दोन्ही एका खोलींत असतील तर चूक आपोआप वजा होते. दट्ट्या अॅल्युमिनियमचा, तो दुपटीनें फुगतो. म्हणून दट्ट्या आणि ठोकळा एक रात्र एकाच खोलींत शेजारीं ठेवून सकाळीं मोजावे हें उत्तम. ओटी उन्हाची असल्यानें मीं ठोकळा माजघरांत हलविला. याहि वेळीं वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

येथें थोडें विषयांतर करतों. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची कल्पना पुष्कळ वर्षें नुसती कल्पनाच राहिली होती; कारण तिच्याजोगतें गोल नळकांडें कोणाला कोरतां येईना. तें जॉन विल्किन्सननें कोरून दिलें. १७७६ सालीं वॉटचा भागीदार बोल्टन यानें मोठ्या अभिमानानें कळविलें कीं पन्नास इंची नळकांड्यांत कोठेंहि जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीपेक्षां अधिक चूक नाहीं. त्या दिवशीं औद्योगिक युगाचें काम नाण्याच्या जाडीनें भागलें. आम्हांला माजघरांत मिलिमीटरचा शंभरावा भाग हवा होता, आणि तो विकत मिळणार्‍या साधनानें मिळतहि होता. मनुष्याच्या हौसेची मजल ही अशी.

पुतण्या गेज धरी, मी मायक्रोमीटर धरीं आणि दादा वहींत आंकडे उतरवीत. पहिल्या सिलिंडरचें खालचें माप आलें तेव्हां पुतण्या गप्प झाला. त्यानें गेज काढलें, शून्य पुन्हां तपासला, पुन्हां घातलें. ६९.००. सिलिंडरच्या अगदीं तळाशीं, जेथें दट्ट्याच्या कड्या पोहोंचत नाहींत, तेथें झीज जवळजवळ नसते; म्हणून तेथलें माप म्हणजे सिलिंडरचा जन्माचा व्यास समजावा. तो ६८ यावयास हवा होता. चारी सिलिंडरांत तोच आंकडा आला.

याचा अर्थ एकच होता. ठोकळा पूर्वीं कधीं तरी पुरा एक मिलिमीटर बोअर झालेला होता, आणि घरांत तें कोणालाच ठाऊक नव्हतें. दादांचा तर विश्वासच बसेना. "बाबा मला सांगितल्याशिवाय गाडीचें चाकसुद्धां बदलत नसत." शेवटीं आईला विचारलें. तिचें वय अठ्ठ्याऐंशी; कान थोडे मंद, पण आठवण लखलखीत. ती म्हणाली, "तूं दिल्लीला होतास तेव्हां गाडी महिनाभर नव्हती. यांनीं वहींत लिहिलं असेल." वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या तिच्या ट्रंकेंत होत्या. १९८८ च्या वहींत, गव्हाच्या पोत्याखालीं आणि विजेच्या बिलावर, त्यांच्या बारीक अक्षरांत एक ओळ सांपडली: मोटार, बोअर व पिस्टन. पुढें रक्कम. बस्स. दादा ती ओळ बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनीं वही आईला परत दिली आणि वहींत आंकडे उतरविण्याचें काम पुन्हां सुरू केलें.

मी हिशेब करून पाहिला. ६९ व्यासाला ११२२ घन सेंटिमीटर होतात. पुतण्याला हव्या असलेल्या एकशेबत्तिसांपैकीं बत्तीस त्याच्या आजोबांनीं त्याच्या जन्मापूर्वींच वाढवून ठेवले होते. आणि ज्या गाडींत सुतभर फरक नको असें दादा म्हणत होते, त्या गाडींत तो फरक घालूनच त्यांनीं आपल्या मुलींच्या लग्नांची खरेदी केली होती. मीं हें बोलून दाखविलें नाहीं. आंकडे दोघांच्याहि समोर होते.

खरी कसोटी भिंतीच्या जाडीची. तिच्यासाठीं ध्वनीच्या लहरींनीं जाडी मोजणारें यंत्र एका ओळखीच्या कारखान्यांतून दोन दिवसांसाठीं आणलें. लहर भिंतींत शिरते, पलीकडच्या पृष्ठावरून परत फिरते, आणि जाण्यायेण्याच्या वेळावरून जाडी कळते. अडचण ही कीं बिडांत ध्वनीचा वेग ठराविक नसतो. त्यांतील ग्राफाइटच्या ठेवणीप्रमाणें तो बराच बदलतो, आणि पोलादाचा वेग बसवून बीड मोजलें तर भिंत आहे त्यापेक्षां जाड दिसते. जाड दिसणें ही धोक्याची चूक. म्हणून ठोकळ्याच्याच खालच्या कडेला, जेथें दोन्ही बाजूंस हात पोहोंचतो, व्हर्नियरनें जाडी मोजली आणि यंत्र त्या आंकड्याशीं जुळवून घेतलें. शिवाय पाण्याच्या बाजूचा गंज लहर विखुरतो. यंत्र एखादे वेळीं भलताच आंकडा दाखवितें. प्रत्येक जागीं तीनदां मोजून तिन्ही जुळले तरच तें लिहावयाचें असा नियम केला. सिलिंडरच्या चार बाजू, तीन उंच्या, चार सिलिंडर: अठ्ठेचाळीस जागा.

पहिल्या, दुसर्‍या आणि चौथ्या सिलिंडरांच्या भिंती पांच मिलिमीटरांच्या वर निघाल्या. तिसर्‍याची एक कूस ३.४ आणि तिच्या समोरची ६.९. बेरीज तीच, वांटणी मात्र वेगळी. ओतकामांत असें होतें: पाण्याची पोकळी करण्यासाठीं सांच्यांत वाळूचा गाभा बसवितात, वितळलेलें बीड ओततांना तो गाभा किंचित् सरकला कीं एका बाजूची भिंत पातळ आणि समोरची जाड होते. कारखान्याचा त्यांत विशेष दोष नव्हे. ६८ च्या बोअरला ती भिंत पुरेशी होती आणि पंचावन्न वर्षें पुरली. दुर्दैव इतकेंच कीं पातळ कूस नेमकी दट्ट्या रेलतो त्या बाजूची होती.

७२ पर्यंत जावयाचें तर प्रत्येक बाजूचें आणखी दीड मिलिमीटर जाणार, म्हणजे त्या कुशीला १.९ उरणार. पेट्रोल इंजिन पुर्‍या जोरांत असतांना आंतला दाब दर चौरस सेंटिमीटरला चाळीस-पन्नास किलोग्रॅमपर्यंत चढतो, आणि मिनिटाला तीन हजार फेरे होत असतां तो ठोका प्रत्येक सिलिंडरला मिनिटांतून दीड हजार वेळां बसतो. इतकी पातळ भिंत फुटेलच असें नाहीं. पण ती दर ठोक्याला फुगेल आणि बसेल, कड्या तिच्याशीं नीट टेकणार नाहींत, तेल पुन्हां वर चढेल. ज्या धुरासाठीं हा सारा खटाटोप, तो धूर नवीं शंभर सी. सी. घेऊन परत येईल. भिंत निदान तीन मिलिमीटर असावी हा अनुभवी लोकांचा दंडक मीं पुतण्याला सांगितला. तो म्हणाला, "मग काका, स्लीव्ह घालूं." म्हणजे सिलिंडर आणखी मोठा कोरून त्यांत बिडाचें वेगळें अस्तर ठोकावयाचें. भेगाळलेल्या ठोकळ्याला वांचविण्यासाठीं तो उपाय नामी आहे. पण धडधाकट ठोकळ्याची भिंत आधीं कोरून घालवावयाची आणि मग तिला अस्तर लावावयाचें, हें मला पटलें नाहीं, आणि थोडा वेळ वाद घालून त्यालाहि पटलें नाहीं.

पोट वाढलें कीं आणखी एक गोष्ट वाढते, ती कोणी लक्षांत घेत नाहीं. डोक्यांतील जळण्याची जागा तेवढीच ठेवून खालचें पोट वाढविलें तर हवा अधिक दाबली जाते. दाबाचें प्रमाण समजा आठास एक आहे; बोअर ६८ चा ७० केल्यास तें जवळजवळ ८.४ होतें. मग डोक्याचा गॅस्केट नव्या भोंकाला पुरतो कीं त्याची कड आंत डोकावते, हें पाहावें लागतें. ठोकळ्याचा माथा सपाट आहे कीं नाहीं, हें सरळ पट्टी आणि पातळ पात्यांनीं तपासावें लागतें. आमचा माथा बरा निघाला.

कायद्याची बाजूहि पाहिली. नोंदणीपत्रांतील तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकानें करूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें. आणि नोंदणीपत्रांत घनक्षमता असतेच. शिवाय २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम आले; त्यांत गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी ही अट आहे. आमची गाडी वयानें त्यांत बसते. हें वाचून दाखविलें तेव्हां दादा किंचित् हंसले, पण 'मीं सांगत नव्हतों' असें त्यांनीं म्हटलें नाहीं. जमाखर्चाची वही अद्याप ताजी होती.

आतां झिजेचें माप पाहून किती कोरणें भाग आहे तें ठरविलें. तिसर्‍या सिलिंडरचा वरचा व्यास आडव्या दिशेनें ६९.२४ होता. वरवर पाहतां ६९.२५ ला काम भागावें. परंतु झीज एका कुशीला अधिक, सुमारें सतरा शतांश. आणि मूळ मध्य न हलवितां ती पुरी साफ करावयाची तर ६९.३४ पर्यंत जावें लागतें. वर होनिंगच्या दगडानें घासून पृष्ठ नीट करण्यासाठीं थोडें बीड शिल्लक हवें. म्हणून ६९.४०. पातळ कुशीला ३.२ उरतात. पोट होतें ११३५ घन सेंटिमीटर, म्हणजे वडिलांच्या बोअरपेक्षां तेरा अधिक. पुतण्यानें तेरांचा आंकडा दोनदां पुटपुटला आणि मान डोलावली. आंकडा कागदावरील १०८९ शीं जुळत नाहीं, हें दादांनींच दाखविलें. तेव्हां कोरण्यापूर्वीं मापांचा तक्ता घेऊन तो आणि मी मिळून परिवहन कार्यालयांत जाऊन विचारावयाचें ठरलें आहे.

दट्ट्ये मात्र आधीं मागविले. बोअर दट्ट्यांच्या मापानें करावयाचा असतो, दट्ट्ये बोअरच्या मापानें नव्हे. पेटीवर लिहिलेलें माप आणि आंतल्या चार नगांचें माप यांत शतांशाचा फरक असूं शकतो, आणि प्रत्येक नळकांडें ज्याच्या त्याच्या दट्ट्याला जुळवून कोरणारा वयस्क कारागीर आम्हांला मिळाला आहे. त्याची एकच अट आहे: ठोकळ्याच्या माथ्यावर जाड पोलादी पाट बोल्टांनीं पुर्‍या जोरानें आवळूनच तो होनिंग करणार, म्हणजे डोकें बसविल्यावर भोंक जसें वांकडें होतें तसें तें आधींच वांकवून गोल करतां येतें. मला तो मनुष्य तत्काळ आवडला.

दट्ट्यांची पेटी परवां आली. ती माजघरांत ठोकळ्याशेजारीं, पाटावर, पंचा टाकून ठेवली आहे. उद्यां पहाटे ऊन येण्यापूर्वीं चौघांचीं मापें घ्यावयाचीं आहेत. पुतण्यानें गेज आतांच बाहेर काढून ठेवलें आहे, दादांनीं नवी वही आंखली आहे, आणि माजघर मोकळें केव्हां होणार हें वहिनींनीं आज प्रथमच स्पष्ट शब्दांत विचारलें आहे.